बापाचं देणं

बाळाच्या बापाकडून खावटी, म्हणजे निर्वाहखर्च, मागण्याचा अर्ज करायचा की नाही, यावरून घरात दोन तट पडतात. मुलीची आई म्हणते, त्याचा पैसा नको आणि त्याची सावलीही नको. आपलं लेकरू आपण वाढवू. मुलीचे वडील म्हणतात, पोर काय हिनं एकटीनं जन्माला घातलं? त्याला असाच सुटू द्यायचा? आणि जिच्याबद्दल हे चाललेलं असतं ती सतरा-अठरा वर्षांची मुलगी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत असते. तिला बहुधा कुणी विचारलेलं नसतं. विचारलंच तर तिचं उत्तर दर आठवड्याला बदलतं. आज ती त्याचं नाव काढू देत नाही, उद्या त्याच्या फोनची वाट बघते. याला चंचलपणा म्हणणं अन्यायाचं होईल. ज्यानं साथ दिली नाही त्याला बाळाच्या आयुष्यात किती जागा द्यायची आणि त्याच्याकडून काय घ्यायचं, हा प्रश्न जाणत्या बाईलाही झेपणारा नाही; तिच्यापुढे तो शाळेचं दप्तर नुकतं कुठे खाली ठेवलेलं असताना आलेला असतो.

असा प्रश्न पडलेली घरं थोडी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाचं प्रमाण ६.८ टक्के होतं. राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि बीड-परभणीसारख्या जिल्ह्यांत तर चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा मोठा घोर असतो. शिवाय मुकादमाची उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. त्यामुळे लग्न लवकर उरकतं. मग पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि तिला न्यायला कुणी येत नाही. कधी मुलगी झाली म्हणून, कधी हुंड्यातलं काही राहिलं म्हणून, कधी त्याचं दुसरीकडे जमलं म्हणून. ना भांडण ना सोडचिठ्ठी, नुसतं न्यायला येणं थांबतं. दुसरी वाट लग्नाशिवायची. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी परिसरात, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, बाहेरून कामाला आलेल्या माणसांनी लग्नाचं आमिष दाखवून फसवलेल्या कुमारी मातांबद्दल वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं लिहिलं आहे. आणि शहरात? तिथं कॉलेजात किंवा मोबाइलवर जमलेली ओळख असते, दोघंही कोवळी असतात, आणि गरोदरपण कळलं की मुलाचा फोन बंद होतो.

या तिन्ही ठिकाणी मुलगी आणि बाळ सारखंच एकटं पडतं. पण तिघे बाप सारखे नाहीत. घरच्यांनी बोहल्यावर उभा केलेला वीस वर्षांचा मुलगा, हेरून फसवणारा चाळिशीचा ठेकेदार आणि भीतीनं पळालेला अठरा वर्षांचा विद्यार्थी यांना एकाच तराजूत घालून निकाल दिला, तर तो कुणाच्या तरी बाबतीत चुकणारच. म्हणून हा विषय घाईनं निकाली काढू नये असं मला वाटतं.

कायदा काय देतो ते आधी पाहू, कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा तो बरंच देतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. या कलमाखाली मूल लग्नातलं असो वा लग्नाबाहेरचं, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला बापाकडून खावटी मिळते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार, अल्पवयात झालेलं लग्न मुलगी अठराची झाल्यावर दोन वर्षांपर्यंत न्यायालयाकडून रद्द करून घेऊ शकते. लग्न रद्द झालं तरी मूल औरसच राहतं. त्या वेळी न्यायालय मुलीला आणि बाळाला निर्वाहखर्च देववू शकतं, आणि लग्नाच्या वेळी नवरा मुलगाही अल्पवयीन असेल तर मुलीचा खर्च त्याच्या आईवडिलांवर टाकता येतो. याच कायद्यात बाळाचा ताबा एकाकडे दिल्यावर दुसऱ्याला भेटीची मुभा देण्याची तरतूदही आहे. म्हणजे ‘लग्नच बेकायदा, मग पोटगी कसली?’ असं सासरचे ऐकवतात आणि गावचे पंच मान डोलवतात, त्याला कायद्यात आधार नाही. पंच आणखी एक गोष्ट करतात. काही हजार रुपये एकरकमी देऊन ‘यापुढे कसलाही संबंध नाही, मागणी नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात. मुलीला स्वतःपुरतं काय सोडायचं ते ठरवता येईल. बाळाचा हक्क सोडून द्यायचा अधिकार तिला नाही, तिच्या वडिलांना नाही आणि पंचांना तर मुळीच नाही.

इतकं असूनही अर्ज का होत नाहीत? तारखांचे हेलपाटे, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी ही कारणं आहेतच. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. मुलगी अठराच्या आत गरोदर राहिली असेल तर तिच्या अर्जातलं वयच गुन्ह्याची कबुली ठरतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलीची संमती ही संमती मानलेली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्यालाही यात सवलत ठेवली नाही. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. म्हणून वकील घरच्यांना सांगतो, आत्ता अर्ज केलात तर खावटीच्या आधी अटक होईल, विचार करा. घरचे विचार करतात. तो तुरुंगात गेला तर पैसे देणार कुठून? त्याच्या घरच्यांशी वैर होईल ते वेगळं, आणि गावात राहायचं तर आपल्यालाच. मग ‘हिला अठरा होऊ देत’ म्हणून वाट पाहिली जाते. या वाट पाहण्याचीही किंमत आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं की खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. निकाल लांबला तरी नुकसान होऊ नये, हा त्यामागचा चांगला विचार. पण जिनं भीतीपोटी दोन वर्षं अर्जच केला नाही, तिच्या बाळाची पहिली दोन वर्षं हिशेबाबाहेर राहतात. आणि दूध, औषधं यांचा खर्च तर त्याच दोन वर्षांत मोठा.

इथं एक प्रामाणिक पेच आहे. पॉक्सो सैल करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात चौदा वर्षांची मुलगी पंचवीस वर्षांच्या माणसाबरोबर घर सोडून गेली, तिला मुलगी झाली, आईच्या तक्रारीवरून खटला चालला आणि त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानं त्याला सोडलं, आणि सोडताना किशोरवयीन मुलींना उपदेशही केला. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये तो निकाल फिरवून दोष कायम केला. पण मुलीचं म्हणणं ऐकायला तज्ज्ञांची समिती नेमली, आणि समितीला आढळलं की तिला सर्वांत जास्त पोळलं होतं ते त्यानंतर पोलिसांनी, कोर्टानं आणि त्याला सोडवण्यासाठी काढलेल्या कर्जानं. २३ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी खास अधिकार वापरून त्याला शिक्षा न देण्याचा निर्णय दिला आणि तिच्या शिक्षणाची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. यंत्रणेनं, समाजानं आणि घरच्यांनीही या मुलीला आधीच वाऱ्यावर सोडलं होतं, हे न्यायालयानं मान्य केलं. त्या निकालाचं खरं मोल तिथं आहे.

पण त्या प्रकरणात माणूस राहायला तयार होता. तो घर चालवत होता. जिथं तो राहायलाच तयार नाही, तिथं याच दयेचा अर्थ उलटा होतो. पळालेल्याला सूट, आणि मागे राहिलेलीला बाळ. कायदा आयोगानं सप्टेंबर २०२३ च्या आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचं वय अठराच ठेवा, मात्र सोळा ते अठरा वयोगटातल्या संबंधांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना विवेकाला वाव द्या, असं सुचवलं. मला ही वाट बरी वाटते. त्यात एक भर मात्र हवी: न्यायाधीशानं तो विवेक वापरताना त्या मुलानं बाळासाठी आजवर काय केलं, हे आधी विचारावं. समवयस्क म्हणून दयेवर हक्क सांगणाऱ्यानं दुधाच्या डब्याचा खर्च तरी उचललेला असला पाहिजे. आणि वयानं कितीतरी मोठ्या, फसवून निघून गेलेल्या माणसाच्या बाबतीत विवेकाचा प्रश्नच येऊ नये. तिथं खटला पूर्ण चालला पाहिजे.

याच खटल्यांत एक विसंगती मला अस्वस्थ करते. पॉक्सोच्या गुन्ह्यात बाळ जन्मलं की आई, बाळ आणि आरोपी या तिघांचे डीएनए नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. अहवाल येतो, पितृत्व सिद्ध होतं, त्यावर शिक्षाही होते. पण त्याच अहवालावर त्याच न्यायालयात बाळाच्या खावटीचा आदेश आपोआप होत नाही. त्यासाठी मुलीनं दुसऱ्या न्यायालयात, दुसरा अर्ज करून, तोच माणूस बाप आहे हे पुन्हा मांडायचं. तिला भरपाई मिळू शकते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. पण ती भरपाई सरकार देतं, आणि ती तिच्यावर झालेल्या अत्याचाराची असते. बाळाचं रोजचं पोषण हा वेगळा हिशेब आहे आणि तो त्याच्या नावावर मांडायला हवा. एकच न्यायालय, एकच अहवाल, दोन आदेश: हे करायला फार मोठी क्रांती लागत नाही.

लग्न लावून देऊन प्रश्न मिटवायचा, हा तोडगा अजूनही पोलीस ठाण्याच्या आवारात सुचवला जातो. ज्यानं गरोदर मुलीला एकटं सोडलं तो माणूस अक्षता पडल्यानं जबाबदार होत नाही. तिला मारहाण करायला त्याला घर तेवढं मिळतं. याहून जास्त वेळ या तोडग्यावर घालवू नये.

खरा विचार करायचा आहे तो भेटीचा. इथं दोन्ही बाजूंना वजन आहे. बापाला बाळापासून तोडू नये म्हणणारे सांगतात, मूल मोठं होतं आणि विचारतं. शाळेत विचारलं जातं, सणाला विचारलं जातं, आणि न पाहिलेल्या बापाबद्दल मूल मनात एक तर देव उभा करतं, नाही तर राक्षस. शिवाय अठराव्या वर्षी पळालेला मुलगा पंचविशीत तोच राहील असं कशावरून? त्यालाही घडायला वाव हवा. बाळाच्या हिताचा विचार केला तर या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरी बाजू मुलींशी रोज बोलणाऱ्या समुपदेशक बायकांकडून ऐकायला मिळते. भेट हे पुष्कळदा निमित्त असतं. बाळाला पाहायला म्हणून यायचं, तिच्या मोबाइलमध्ये डोकवायचं, ती कुणाशी बोलते ते विचारायचं, दारू पिऊन दारात तमाशा करायचा. किंवा सहा महिने तोंड न दाखवता एक दिवस खेळणं घेऊन यायचं, फोटो काढायचे, स्टेटसवर टाकायचे आणि पुन्हा नाहीसं व्हायचं. मूल दोन दिवस दाराकडे बघत बसतं. त्याला समजावायचं काम तिच्याकडे. आणि सर्वांत जास्त चालणारा सौदा म्हणजे ‘पोराला भेटू दे, मग पैसे देतो’. त्याला माहेरकडून तितकंच ठाम उत्तर येतं: ‘आधी पैसे टाक, मग पोराचं तोंड बघ.’

माझं मत या सौद्याविरुद्ध आहे, दोन्ही बाजूंनी. खावटी ही भेटीची फी नव्हे आणि भेट ही खावटीची पावती नव्हे. बाळाला जेवण मिळावं हा एक हक्क आहे, आणि सुरक्षित असेल तर बाप मिळावा हा दुसरा. एकावर दुसरा अडवून धरला की दोन्हीकडे बाळच उपाशी राहतं. पैसे न देणाऱ्या पण बाळाशी मायेनं वागणाऱ्या बापाला भेटू द्यावं आणि थकबाकी न्यायालयातून वसूल करत राहावं. पैसे नियमित देणाऱ्या पण हिंसा करणाऱ्याला भेटू देऊ नये, आणि त्याचे पैसे मात्र घेत राहावेत. मुलीच्या वडिलांना यातलं पहिलं गिळायला जड जाईल हे मला कळतं. ज्यानं आपल्या लेकीला टाकलं तो अंगणात बसून नातवाला खेळवतोय, हे बघणं सोपं नाही. त्यांच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून भेट त्यांच्या घरात नसावी.

मग कुठं? मुंबईच्या कुटुंब न्यायालयात पालकांच्या भेटीसाठी मुलांची वेगळी जागा आहे. पण कुटुंब न्यायालयच नसलेल्या तालुक्यातल्या मुलीनं महिन्यातून दोनदा जिल्ह्याला जायचं का? गावातली अंगणवाडी ही मला सर्वांत साधी जागा वाटते. तिथं बाळ ओळखीच्या माणसांत असतं, सेविका हजर असते आणि दिवसाउजेडी सगळं उघड्यावर असतं. सेविकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून या कामाचं वेगळं मानधन द्यावं लागेल. फुकटात त्यांच्या गळ्यात हे घालू नये. सुरुवातीला तासभराची भेट, ठरलेल्या दिवशी. तीनदा लागोपाठ न सांगता चुकवली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या तासभर मुलीनं तिथं थांबायची सक्ती नको. तिच्या जागी मामा, मावशी, कुणीही विश्वासाचं बसू शकतं. बाळाचा बाप भेटतोय म्हणून आपल्या जुन्या मित्राला किंवा नवऱ्याला भेटायचं बंधन तिच्यावर येत नाही, हे स्पष्ट लिहून ठेवायला हवं. एरवी बाळाच्या निमित्तानं तिच्यावरच परत यायचा दबाव सुरू होतो.

आणखी एक माणूस या चित्रात असतो आणि त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नाही: बापाची आई. लेकाला नातवाची पर्वा नसते, पण ती चोरून भेटायला येते, झबलं-टोपडं घेऊन येते. कधी तिच्या येण्यात खरी माया असते. कधी मात्र नातू आहे म्हणून येणं असतं. नात असती तर ती आली नसती. ‘वंशाचा दिवा आमचा आहे’ म्हणत बाळ उचलून न्यायचे प्रकारही होतात. म्हणून आजीची माया नाकारू नये, पण ताब्याचा आदेश हातात येईपर्यंत बाळ एकटं तिच्याबरोबर पाठवूही नये. मूल लग्नाबाहेरचं असेल तर हिंदू कायद्यात आईच पहिली नैसर्गिक पालक आहे, बाप तिच्यानंतर. ही गोष्ट या मुलींना कुणी सांगतच नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते फसलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावं म्हणून. १८७५ मध्ये पंढरपुरात तसंच घर उभं राहिलं. त्या काळच्या मानानं ही धैर्याची परिसीमा होती आणि त्यातून कितीतरी जीव वाचले. पण त्या घरांत येणाऱ्या बाया एकट्याच येत. त्यांना तिथवर आणणारा पुरुष आपल्या घरी, आपल्या नावानिशी, सुखात असे. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्या प्रकरणावर उठलेल्या गदारोळानंतर, १८८२ मध्ये, ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. तो सवाल आजही तितकाच जागा आहे. मधल्या काळात आपण बाईला सावरायच्या सोयी थोड्याबहुत केल्या. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद झाली आणि टाकलेल्या बाया स्वतः बोलू लागल्या. पुरुषाला गाठण्याच्या सोयी मात्र आपण फार थोड्या केल्या.

अलीकडचे दोन बदल मुलींच्या फार उपयोगाचे आहेत. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अविवाहित आईला मुलाची पालक म्हणून नेमणूक मागताना बापाचं नाव सांगायची सक्ती करता येणार नाही. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनानं आईचं नाव बापाच्या आधी आणलं. नावाची ही मोकळीक मी मनापासून स्वागतार्ह मानतो. पण तिच्या आडून एक गफलत शिरते आहे. बापाचं नाव लावायचं नाही, हा आईचा हक्क. त्याचे पैसे नकोत, हा मात्र तिच्या एकटीच्या मानापमानाचा विषय नाही, कारण ते पैसे बाळाचे. ‘आम्हाला नको त्याचं काही’ यातला स्वाभिमान मी समजू शकतो; बाळ पाच वर्षांचं झाल्यावर शाळेच्या खर्चापुढे तो टिकत नाही हेही पाहिलेलं आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. मागितल्यावर जो मारायला धावून येईल त्याच्याकडे रोज मागायला लावणं म्हणजे मुलीला पुन्हा त्याच्याच दारात ढकलणं.

या दोन टोकांतून सुटायचा मार्ग मला एकच दिसतो: आईनं मागायचंच नाही. राज्यानं आधी द्यावं आणि मग बापाकडून वसूल करावं. स्वीडननं हे १९३७ मध्ये सुरू केलं, जर्मनीत १९८० पासून कायदा आहे आणि २०१७ पासून तिथं मूल अठराचं होईपर्यंत ही रक्कम मिळते. आपल्याकडे पाया तयार आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकांच्या मुलांसाठी महिना २,२५० रुपये मिळतात आणि तिच्या निकषांत अविवाहित मातृत्वही आहे. ही रक्कम थोडी आहे, कागदपत्रं पुष्कळ आहेत आणि ती वेळेवर येईल याची खात्री नाही. तरी ती या मुलींना सुरू करून वसुलीचा अधिकार राज्याकडे घेतला, तर मुलगी आणि तो माणूस यांच्यामध्ये तहसील कचेरी उभी राहील. आज अठराच्या आतल्या आईला मातृवंदना योजना नाही आणि संजय गांधी निराधार योजनेची वयाची अटही अठरापासूनच. ज्या वयात गरज सर्वांत जास्त, त्याच वयात दोन्ही दारं बंद. लवकरच्या मातृत्वाला उत्तेजन मिळू नये म्हणून अशा अटी घालतात. पण भत्त्यासाठी सोळाव्या वर्षी कुणी आई होत नाही. झालेली मात्र भत्त्यावाचून पांढरीफटक पडते, आणि तिचं बाळ कमी वजनाचं जन्मतं.

यावर आक्षेप येतील. सरकार देतंय म्हटल्यावर बाप आणखी निर्धास्त होतील, हा पहिला. म्हणूनच वसुलीशिवाय ही योजना अर्धी आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हे बाप पगारदार नाहीत. कुणी टमटम चालवतो, कुणी बिगारी आहे, कुणी पुण्याच्या कुठल्याशा साइटवर. कापायला पगारच नाही तर कापणार काय? सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं की धडधाकट माणसानं मजुरी करूनही बायकामुलांना पोसलं पाहिजे. तत्त्व चोख आहे. पण मजुराकडून महिन्याला पाच हजार लिहून घेतले की पहिल्याच महिन्यात थकतात, आणि मग वॉरंट, अटक, फरारी असा फेरा सुरू होतो. मला वाटतं, छोटी पण न चुकणारी रक्कम ठरवावी. महिना आठशे रुपये नेमानं आले तर त्यावर मुलीला काही ठरवता येतं. कागदावरच्या पाच हजारांवर काहीच ठरवता येत नाही. उत्पन्न वाढलं की रक्कम वाढवण्याची सोय कायद्यात आहेच.

मुलीबद्दल आणखी थोडं बोललं पाहिजे, कारण सगळी चर्चा बाप आणि बाळ यांच्यात अडकते. प्रत्यक्षात बाळ कोण सांभाळतं? तिची आई. मुलांचा संयुक्त सांभाळ म्हणून जे काही चालतं ते पुष्कळदा मायलेकींत चालतं. बाळ आजीला ‘आई’ म्हणू लागतं आणि खऱ्या आईला नावानं हाक मारतं. गावात तसंच सांगितलेलं असतं, म्हणजे मुलीचं पुढे लग्न जमेल. काही घरांत ही तडजोड तिला जगवते. तिला झोप मिळते, बाहेरून परीक्षा देण्याचा १७ नंबरचा अर्ज भरून ती दहावीला बसते. काही घरांत मात्र ती स्वतःच्या बाळाची थोरली बहीण होऊन बसते आणि लस कधी द्यायची इथपासून बापाला भेटू द्यायचं की नाही इथपर्यंत एकही निर्णय तिचा नसतो. आजीचे कष्ट मोठे आहेत, पण बाळाच्या बाबतीतला शब्द मुलीचा असावा. वडीलधाऱ्यांनी मदत करावी, चुकलं तर सांगावं. भेटीचा प्रश्न आला की आधी तिला एकटीला, घरच्यांच्या अपरोक्ष विचारावं. यासाठी पोलीस ठाण्यांमधले महिला समुपदेशन कक्ष आणि जिल्ह्याची सखी केंद्रं आहेत; तिथं नेमलेल्या बायकांना कंत्राटावर टांगतं न ठेवता कायम केलं, तर ही विचारपूस एकाच ओळखीच्या माणसाकडून होत राहील.

एक बदल असा आहे ज्याला पैसा लागत नाही, नुसती दुरुस्ती लागते. खावटी थकली तर वसुलीचं वॉरंट मिळवण्यासाठी रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्यानंतर कलम १४४ खाली वॉरंट निघत नाही. सतराव्या वर्षी आई झालेली मुलगी या मुदतीचा हिशेब ठेवू शकत नाही. ती कधी आजारी बाळाला घेऊन सरकारी दवाखान्यात असते, कधी ऊसतोडीच्या फडावर, कधी त्यानं ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हटल्यावर विश्वास ठेवून गप्प असते. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याच्या मागे वसुलीवाले वर्षानुवर्षं लागतात. मुलांच्या खावटीपुरती ही एका वर्षाची अट काढून टाकावी, आणि थकबाकी मूल सज्ञान होईपर्यंत, तिच्या अर्जाशिवाय, न्यायालयानंच वसूल करावी.